भांडायचं ते वारा सुटायच्या आधी

ताई,
आम्ही लॉस एंजेलिसजवळ ॲल्टाडीनाला राहतो, लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला. मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. ७ जानेवारी २०२५ च्या रात्री कऱ्हाडहून आलेले सासू-सासरेही घरात होते. संध्याकाळी ईटन कॅन्यनमध्ये आग लागली. वीज गेली होती. वारा असा की कचऱ्याचा डबा रस्त्यावरून गडगडत गेला. दहा वाजता मी म्हटलं, निघू या. नवरा म्हणाला, आपल्या भागाच्या झोनला घर सोडायची ऑर्डर नाही, तयारीत राहा अशी साधी वॉर्निंगसुद्धा नाही, आई-बाबांना घेऊन एवढ्या रात्री कुठे हिंडायचं? सासूबाई म्हणाल्या, समई तेवतेय, देव असे टाकून मी यायची नाही. मी ओरडले, "तुमच्या देवांपायी माझी पोर जाळायची आहे का?" हे मी म्हटलं, ताई. माझ्या तोंडून गेलं.

साडेतीनच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, तेव्हा निघालो. आमचं घर वाचलं. आमच्या ओळीतली चार घरं गेली, समोरची तर सगळीच. सासू-सासरे एप्रिलमध्ये परत गेले. सासूबाई फोनवर बोलतात, पण तुटक. मुलगी वारा सुटला की बूट घालून झोपते. आणि नवरा म्हणतो, घर वाचलंच ना? पुढच्या वेळी तुम्ही जा, मी थांबतो. त्याने शंभर फुटी पाइप आणून ठेवलाय. आगीच्या आदल्याच वर्षी विमा कंपनीने आमची पॉलिसी बंद केली, आता फेअर प्लॅनवर आहोत, म्हणजे कुठलीच कंपनी विमा देत नाही त्यांच्यासाठीच्या शेवटच्या सोयीवर. सासरे म्हणतात, सगळं विका आणि या इकडे. मीच जास्त घाबरते का?
— वाऱ्याकडे कान लावून बसलेली

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अहो-जाहो सोडते. आणि शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

तू जास्त घाबरत नाहीस. त्या रात्री दहा वाजता तुला जे वाटलं ते बरोबर होतं. ईटनच्या आगीत १९ माणसं गेली. जवळजवळ सगळी लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेची, म्हणजे तुमच्या बाजूची. आग त्या बाजूला आल्याच्या खबरा अकराच्या सुमारास यायला लागल्या होत्या, आणि घर सोडायची ऑर्डर आली पहाटे तीन वाजून पंचवीस मिनिटांनी. मधले साडेचार तास तुमच्या घरात समई, झोन आणि म्हातारपण यावर वाद चालला होता. जी माणसं गेली त्यांत बरीच वयस्कर होती, काहींना धड चालताही येत नव्हतं. म्हणजे तुझ्या सासू-सासऱ्यांसारखीच.

तुझ्या नवऱ्याला इशाऱ्यांचा राग आला असेल तर तो मला कळतो. ज्यांना हवा होता त्यांना वेळेत मिळाला नाही, आणि दोनच दिवसांनी, ९ तारखेला, ज्यांना नको होता अशा अख्ख्या काउंटीला, म्हणजे जवळजवळ एक कोटी माणसांना, घर सोडायच्या तयारीत राहा असा मेसेज चुकून गेला. पण त्यातून तो काढतो ते अनुमान उफराटं आहे. एस. टी. वेळेवर येत नाही हे माहीत असलेला माणूस स्टँडवर अर्धा तास आधी जातो, एस. टी. आली की घरातून निघू असं म्हणत नाही.

आता माझं सांगते. मी उत्तर कॅलिफोर्नियात, सांता रोझाला राहते. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कॅलिस्टोगाजवळ आग लागली, तिला पुढे टब्स फायर म्हणाले. आम्ही साडेदहाला दिवे मालवून झोपलो होतो. फोनवर काही म्हणजे काही वाजलं नाही. दीडच्या पुढे शेजारच्या म्हाताऱ्याने दार बडवलं. खिडकीबाहेर आभाळ भट्टीत घातलेल्या लोखंडासारखं. पळत गॅरेजमध्ये गेलो, गाडीत बसलो, बटण दाबलं, आणि दार हलेना. वीज नव्हती. नवरा दार खालून उचलायला बघतोय, मी बटण दाबतेय, दाबतेय, जणू जोर लावून दाबलं की वीज येईल. शेवटी तोच शेजारी आत आला आणि छताच्या मोटरीपासून लोंबणारी लाल दोरी त्याने ओढली. खट्. दार हाताने वर गेलं. त्या घरात आम्ही सहा वर्षं राहत होतो आणि ती दोरी कशासाठी आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या आगींत काही माणसं अशाच बंद दारामागे अडकून गेली असं पुढे कळलं. त्यानंतर कॅलिफोर्नियात कायदा झाला की २०१९ च्या मध्यापासून गॅरेजच्या दाराची नवी मोटर बॅटरीसकटच विकायची. तुमचं घर जुनं असेल तर मोटरही जुनीच असणार. बघून घे.

त्या रात्री आग सहा लेनचा १०१ हायवे ओलांडून पलीकडच्या कॉफी पार्कमध्ये गेली. तिथे ना जंगल, ना डोंगर. आपल्याकडे वाशी-नेरुळला सेक्टर असतात तशी आखीव वस्ती. २२ माणसं आणि साडेपाच हजारांवर घरं-इमारती गेल्या.

दोन वर्षांनी, २०१९ च्या ऑक्टोबरात, किंकेडची आग लागली. या वेळी आग जवळ यायच्याही आधी पावणेदोन लाखांहून जास्त माणसांना घरं सोडायला लावली. किती कुरकुर! शाळा बंद, दुकानं बंद, फ्रीजरमधल्या ओल्या नारळाच्या करंज्यांचा चिखल झाला तो मला अजून आठवतो. पाच दिवसांनी परत आलो तर घर जसंच्या तसं. शेजारीण म्हणाली, "उगीच पळवलं." पण शेजारच्या विंडसर गावाच्या कडेपर्यंत आग आली होती. रस्ते रिकामे होते, कुणाला शोधत फिरायचं नव्हतं, म्हणून बंबवाल्यांना घराघरापाशी उभं राहून ती थोपवता आली. किंकेडमध्ये एकही माणूस गेलं नाही. त्या पाच दिवसांच्या कंटाळ्याची किंमत मी तेव्हापासून कधी कमी धरलेली नाही.

आता पाइप घेऊन छपरावर उभं राहायचं म्हणणाऱ्याकडे वळते.

त्याला हे वाचायला देच. लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या टोकाला, पॅलिसेड्सच्या आगीत, तुमच्याच रात्री, डोंगरावरच्या पाण्याच्या तीन टाक्या, प्रत्येकी सुमारे ३८ लाख लिटरच्या, पहाटे तीनपर्यंत कोरड्या पडल्या. वरच्या वस्तीत बंबवाल्यांच्या नळांना पाणी नव्हतं. ॲल्टाडीनातही नळांचा दाब गेला. मग बागेच्या नळीला कुठून येणार? जाताना नळ चालू ठेवून जाऊ नका असं अग्निशमन दल सांगतं तेही त्याचमुळे. शंभर घरांनी आपापली नळी सोडली की बंबाची नळी लुळी पडते. संध्याकाळी वाऱ्यामुळे विमानं-हेलिकॉप्टरंही खाली उतरवावी लागली होती. ती माणसं शिकलेली, त्यांच्याकडे यंत्रं, तरी त्यांना जमलं नाही. तुझा नवरा हुशार असेल, पण तो एकटा आहे आणि त्याच्या अंगात टेरिकॉटची पँट आहे.

हा प्रयोग एका देशाने धोरण म्हणून करून पाहिलाय. ऑस्ट्रेलियात अनेक वर्षं सांगत असत: एक तर लवकर निघा, नाही तर थांबून घर राखा. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त घरांच्या आत. तयारी करून थांबलेलीही त्यात होती. चौकशी आयोग बसला, आणि त्यानंतर तिथला सूर बदलला. भयंकर वाऱ्याच्या दिवशी घर राखायचं नाही, आधीच निघायचं.

तरीही मला तुझ्या नवऱ्याला मूर्ख म्हणायचं नाही. तुला तो हट्टी वाटत असेल, मला तो घाबरलेला वाटतो. विमा तुटपुंजा, कर्जाचे हप्ते चालू, आणि डोळ्यांसमोर समोरची सगळी ओळ राख झालेली. अशा माणसाला "तू पळ" म्हटलं की त्याला ऐकू येतं, "तुझ्या हातात काही नाही." तेव्हा त्याच्या हातात काम दे. घर वाचवायची त्याची इच्छा बरोबर आहे, फक्त त्याने वेळ चुकीची धरलीय. घर वाचवायचं ते वारा सुटायच्या आधी, सुट्टीच्या दिवशी, चहा पीत.

म्हणजे काय, ते सांगते. घरं बहुतेक वेळा ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, ठिणग्यांनी पेटतात. वारा त्या मैल-मैल पुढे नेऊन टाकतो. ठिणगी कुठे पडते? पन्हळीतल्या सुक्या पानांत. माळ्याच्या झरोक्यांतून आत, जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर. घराला चिकटलेल्या लाकडी कुंपणावर, जे मग वातीसारखं काम करतं. झरोक्यांना तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी लावायची. पन्हळी साफ ठेवायच्या. कुंपणाचा घराला टेकणारा शेवटचा तुकडा काढून तिथे लोखंडी फाटक बसवायचं. आणि भिंतीपासून पाच फुटांत पेटण्यासारखं काहीही ठेवायचं नाही. ना लाकडी भुशाचा थर, ना झुडूप, ना सरपण.

या पाच फुटांत आपल्या मराठी घरांची गंमत असते. काथ्याचं पायपुसणं. दसऱ्याचं तोरण, जे संक्रांतीपर्यंत दारावर वाळत लटकतं. कागदी आकाशकंदील, जो "काढू, काढू" म्हणत जानेवारीपर्यंत राहतो. आपली दिवाळी नेमकी सांता आना वाऱ्यांच्या मोसमात येते, वाळवंटाकडून डोंगर उतरून येणाऱ्या त्या कोरड्या, कढत वाऱ्यांच्या. कंदील लाव, हौसेने लाव, पण भाऊबीज झाली की उतरव. तुळशीची कुंडी भिंतीपासून पाच फूट लांब सरकव. अंगणात मधोमध तुळस असणं ही काही नवी पद्धत नाही.

हे सगळं एका माणसाला चार-पाच शनिवारांत जमतं. त्या शंभर फुटी पाइपाने पन्हळी धुऊन घेऊ दे.

विम्याचं थोडक्यात. फेअर प्लॅन मूळचा आगीपुरता असतो. चोरी, पाण्याने झालेलं नुकसान, दायित्व यांसाठी वेगळी जोड-पॉलिसी घ्यावी लागते. घेतली आहे का बघा. सामानाचं संरक्षण त्यात आहे की फक्त बांधकामाचं, आणि घराबाहेर राहायचा खर्च मिळतो का, हेही एजंटकडून लेखी घ्या. आज रात्री फोन घेऊन घरभर फीर. प्रत्येक खण, प्रत्येक कपाट उघड, आणि चित्रण करताना तोंडाने बोल: हा मिक्सर अमुक कंपनीचा, ही पैठणी लग्नातली, हा कुकरचा संच. वीस मिनिटं लागतात. तो व्हिडिओ फोनवर ठेवू नकोस, क्लाउडवर चढव. ज्यांचं सगळं गेलं ते सांगतात की रिकाम्या कागदासमोर बसून स्वयंपाकघरात चमचे किती होते हे आठवणं हे आगीनंतरचं सगळ्यात रडवणारं काम. दागिने घरात ठेवतच असशील तर ते आधी बँकेत हलव.

आता मुख्य गोष्ट. त्या रात्री तुमच्यात जे झालं ते माणसांच्या स्वभावामुळे झालं नाही. निर्णय आधी झालेला नव्हता म्हणून झालं. घरात धूर शिरायला लागल्यावर कुणीही शहाणं राहत नाही. नवरा नियम धरून बसतो, सासू देव, आपण किंचाळतो. म्हणून भांडण आत्ता करा. खरंच करा, दार लावून, मुलगी शाळेत असताना. आणि जे ठरेल ते मराठीत एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

आमच्या फ्रीजवर तीनच ओळी आहेत. हवामान खात्याने रेड फ्लॅग, म्हणजे आग भडकेल अशा कोरड्या वाऱ्याचा इशारा, लावला की गाडीची टाकी भरायची किंवा चार्जिंग पूर्ण करायचं, बॅगा डिकीत टाकायच्या आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची. आपल्या किंवा शेजारच्या झोनला वॉर्निंग आली की निघायचं, ऑर्डरची वाट बघायची नाही. आणि तिसरी, जिच्यावरून आमच्यात महिनाभर वाद झाला: घरात ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटेल त्याचं ऐकायचं. मतदान नाही. नवरा म्हणाला, मग तू दर वाऱ्याला निघशील. मी म्हटलं, निघेन. आठ वर्षांत तीनदा निघाले. दोनदा काही झालं नाही, मैत्रिणीकडे जाऊन पिठलं-भात खाऊन परत आलो.

ही तिसरी ओळ तुमच्याकडे असती तर तुम्ही दहा वाजता निघाला असता.

तुमचा झोन क्रमांक पाठ करा, कागदावरही लिहा. वॉच ड्यूटी हे ॲप टाक. ते माझ्याच काउंटीत सुरू झालं, आणि त्यावरची माहिती सरकारी मेसेजच्या पुष्कळ आधी येते असा माझा अनुभव. पण वीज गेली की इंटरनेट आणि टॉवर दोन्ही लंगडे होतात, म्हणून सेलवर चालणारा एक रेडिओ घरात असू दे. जायचं कुठे हेही आधी ठरव, दोन वेगळ्या दिशांची दोन घरं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनशे माणसं असतात, पण रात्री तीन वाजता ज्यांच्या दारात बेल न वाजवता उभं राहता येईल अशी दोनच हवीत. त्यांना आत्ता विचार. लोक आनंदाने हो म्हणतात, आधी विचारलं तर.

निघताना खिडक्या-दारं लाव, पण कुलूप घालू नकोस, बंबवाल्यांना आत जावं लागलं तर जाता यावं. दिवे चालू ठेव, धुरात घर दिसतं. पडदे काढून टाक, एसी बंद कर. अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे, पायात बूट. नायलॉन-जॉर्जेटची साडी नको, ती वितळून कातडीला चिकटते. सासूबाईंना प्रवासाला तीच आवडते, मला माहीत आहे, आमच्याकडेही तेच होतं. एन-९५ मास्क प्रत्येकाच्या बॅगेत.

पाहुणे आई-बाबा घरात असताना आणखी दोन गोष्टी. त्यांचे पासपोर्ट कपाटात आत, साड्यांच्या घडीत असतात. ते दाराजवळच्या बॅगेत आण. सोबत बीपी-शुगरच्या महिन्याभराच्या गोळ्या, चष्म्याची जादा जोडी, कवळी असेल तर तिची डबी, प्रवास-विम्याचा कागद. परदेशात पासपोर्ट जळालेला पाहुणा म्हणजे आगीनंतरची दुसरी आग. आणि त्यांना इंग्रजी मेसेज वाचता येत नसेल तर दोनच शब्द शिकव, वॉर्निंग आणि ऑर्डर. दुपारी तुम्ही दोघं कामावर असाल आणि फोन वाजला तर कुणाला फोन करायचा, कुठल्या शेजाऱ्याच्या दारात जायचं, हे एकदा हाताला धरून, चालत दाखव. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पॅराडाइज गावाच्या आगीत ८५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक पासष्टी ओलांडलेली होती. ती आग सकाळी लागली होती, लोकांच्या चहाच्या वेळी.

परत आल्यानंतरचं एक सांगायचं राहिलं, पुढे कधी लागलं तर. नळाचं पाणी पिऊ नका अशी सूचना लागली तर ते उकळूनही पिऊ नका. आपल्याला सवय असते, पाण्यावर शंका आली की पातेलं गॅसवर चढवायची. पण जळालेल्या पाइपांमुळे पाण्यात बेंझीनसारखी रसायनं उतरतात. उकळलं की ती स्वयंपाकघराच्या हवेत येतात. ईटननंतर तुमच्या भागात हीच सूचना लागली होती. बाटलीबंद पाणी आणायचं, भाजीसुद्धा त्याच पाण्यात.

मुलीचं. तिला "काही होणार नाही गं" म्हणू नकोस. तिने समोरची ओळ पाहिली आहे, तिला खोटं कळतं. बूट घालून झोपते यात वेडेपणा काही नाही. बूट पलंगाखाली, टॉर्च बुटात, असा करार कर तिच्याशी. तिची स्वतःची पाठपिशवी तिला भरू दे, आत काय ठेवायचं ते ती ठरवेल, तुझ्या दृष्टीने फालतू असलं तरी. आणि वाऱ्याच्या रात्री तिच्याकडे एक काम असू दे: लाल दोरी कुठे आहे हे सगळ्यांना दाखवायचं. मात्र वारा नसतानाही झोप लागत नसेल, शाळेत लक्ष लागत नसेल, तर शाळेच्या समुपदेशकाला भेट. ते आठवड्याभरात कर, बघू-करू करत सहा महिने घालवू नकोस.

सासरे म्हणतात विका आणि या. म्हणू देत, बापाच्या जिवाला घोर असतो. पण घर विकण्याचा निर्णय भीतीच्या वर्षात घेऊ नका. पुढे विम्याचा हप्ताच झेपेनासा झाला तर तो निराळा हिशोब, तो वही-पेन घेऊन करा. आणि तिकडे आग लागत नाही असंही नाही. फाल्गुन-चैत्रात साताऱ्याकडचे डोंगर रात्री पेटलेले बाबांनी आयुष्यभर पाहिले आहेत. नवं गवत चांगलं येईल म्हणून कुणी तरी काडी लावतं, आणि वनखात्याची माणसं जाळरेषा काढत फिरतात. गोव्यात २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईचं जंगल जळत होतं, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. फरक एवढाच की आपला वणवा बहुतेक वेळा डोंगरावरच राहतो, गवत संपलं की विझतो. म्हणूनच बहुधा त्या रात्री आई-बाबा शांत होते. वणवा म्हणजे अंगणात बसून लांबून बघायची गोष्ट, हीच त्यांची आयुष्यभराची ओळख. तो दारात येतो हे त्यांना कोण सांगणार होतं? त्याला त्यांचा हट्ट म्हणू नकोस.

राहिल्या सासूबाई.

तू त्यांना जे बोललीस ते वाईट होतं, आणि तुला ते कळतंय, म्हणून मी त्यावर आणखी मीठ चोळत नाही. पण त्यांच्या बाजूने एकदा बघ. सातासमुद्रापार मुलाच्या घरी त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं? कुलदैवताचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. तेवढंच. तू म्हणालीस, ते टाका आणि चला. निरोप न घेता देव सोडायचे नसतात हे त्यांना त्यांच्या सासूने शिकवलेलं, आणि देव हलवायचे कसे हेही त्यांनाच माहीत असणार. घर बदलताना आपण देव नेतोच की. लाल कापडात गुंडाळून, डब्यात घालून, मांडीवर घेऊन. कुणाकडे सुपारी ठेवून बोलावतात, कुणाकडे नुसते हात जोडतात. त्या रात्री त्यांना एक डबा आणि दोन मिनिटं कुणी दिली असती तर त्या कदाचित तुझ्या आधी गाडीत जाऊन बसल्या असत्या.

स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आण, पिठाचा असतो तेवढा. तो देवघराशेजारीच राहू दे. आणि त्यांना फोन कर. माफी मागायचीच, पण एवढ्यावर थांबू नकोस, नाही तर दोघी रडाल आणि विषय तिथेच राहील. त्यांना विचार: आई, पुन्हा कधी निघायची वेळ आली तर देव कसे उचलायचे, आधी काय म्हणायचं, डब्यात खाली काय अंथरायचं, समई शांत करायची ती कशी. वही घेऊन बस आणि त्या सांगतील ते लिही. मध्येच नवऱ्यालाही ऐकायला बसव, त्यालाही यातलं काही येत नसणार.

रात्री नऊला लाव फोन. कऱ्हाडात तेव्हा सकाळचे साडेनऊ-साडेदहा असतात, त्यांची पूजा नुकतीच आटोपलेली असेल.